सोफ्याखालचा पिवळा भुगा आणि रांगणारी लेक

ओटीवरून | 2 जून, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, खाडीच्या वरच्या अंगाला. कौलारू घर, पुढे ओटी, मागे पडवी. पावसाच्या आधीची आवराआवर चालली होती. कौलं चाळून झाली, लाकडं पडवीत रचून झाली, मग ओटीवरचा मोठा सोफा सरकवला. खाली फरशीवर पिवळा भुगा पडला होता, चांगला ओंजळभर. बोटांत चिरडून पाहिला. पिठासारखा कोरडा नव्हता, किंचित चिकट होता आणि कातडीला धरून राहत होता. सोफा उलटा केला तर तळाचं काळं कापड फाटलं होतं आणि आतला फोम उन्हात ठेवलेल्या वडीसारखा ठिसूळ होऊन झडत होता.

माझी लेक नऊ महिन्यांची आहे, नुकती रांगायला लागली आहे. दिवसभर ती याच सोफ्याच्या पायाशी असते. मी वळून पाहिलं तेव्हा तिची लाळेने ओली झालेली चार बोटं त्या भुग्यात होती, आणि दुसऱ्या क्षणी तोंडात.

हा सोफा आमच्या चुलत दिरांचा. ते अमेरिकेतून 2011 साली परत आले तेव्हा घरातलं सगळं सामान कंटेनरमधून आलं. सोफा आधी डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये होता, इमारत पाडायला काढली तेव्हा टेम्पोतून गावी आला. तळाला एक पांढरी चिठ्ठी शिवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत छापलंय की या वस्तूतला भरणा कॅलिफोर्नियाच्या टेक्निकल बुलेटिन 117 प्रमाणे आहे, विस्तवापासून जपा. दिरांना विचारलं, त्यांनी तो 2003 साली घेतला होता.

त्या 117 आकड्याचा माग काढत बसले आणि दोन रात्री झोप लागली नाही. तो कॅलिफोर्नियाचा 1975 चा नियम. सोफ्यातल्या उघड्या फोमला 12 सेकंद छोटी ज्योत लावायची, तरी तो पेटता कामा नये, अशी चाचणी. ती पार करायची म्हणून कारखाने फोममध्ये आग रोखणारी रसायनं घालायचे. एका राज्यासाठी वेगळा माल कोण काढणार, म्हणून अमेरिकेत सगळीकडे तसाच माल विकला गेला. 2012 साली तिथल्या ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपल्टन यांच्या गटाने 102 सोफ्यांचा फोम तपासला तर 85 टक्के नमुन्यांत ही रसायनं सापडली. 2005 च्या आधीच्या सोफ्यांत जास्त करून ‘पेंटा’ नावाचं मिश्रण होतं. आमचा सोफा 2003 चा.

सासूबाई म्हणतात, “अगो, इतकी वर्षं बसतोय त्याच्यावर, काय झालं कोणाला?” त्यांना उत्तर काय द्यावं ते सुचत नाही. आपल्याकडे धूळ म्हणजे जांभ्याची लाल माती, चुलीची राख, माडाच्या झावळीचा भुसा, अशीच माझी समजूत होती. त्या धुळीत असलं काही असेल असं मनातही आलं नव्हतं.

कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. बाळाच्या अंगात किती गेलं असेल? रक्त तपासता येतं का? आणि या सोफ्याचं करायचं काय?

---

पाडस | 2 जून, रात्री 11:05

ताई, बाकीचं नंतर. आधी बाळाचं खेळणं-रांगणं माजघरात न्या. सोफा हलवताना ती घरात नको.

---

प्रयोगशाळेतली | 3 जून, सकाळी 7:15

ओटीवरून ताई, मी मुंबईत रसायनशास्त्र शिकवते, माहेर मालवणचं. तुमचं वाचून राहवलं नाही. लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

पेंटा म्हणजे पीबीडीई या कुळातलं एक मिश्रण. पूर्ण नाव पॉलिब्रॉमिनेटेड डायफेनिल ईथर. कार्बनच्या दोन कड्या, मध्ये ऑक्सिजन आणि भोवती ब्रोमिनचे अणू. ब्रोमिन किती आणि कुठे बसलेत त्यावरून या कुळात 209 प्रकार होतात. बाजारात तीन मिश्रणं चालायची. पेंटा मुख्यतः फोममध्ये, ऑक्टा कडक प्लॅस्टिकमध्ये, आणि डेका टीव्हीच्या मागच्या खोक्यात नि पडद्यांच्या कापडात. आग लागली की यातलं ब्रोमिन सुटतं आणि ज्वाला पुढे नेणाऱ्या कणांना पकडून ठेवतं. काम खरंच करतं ते.

खोट आहे ती दुसरीकडे. ही रसायनं फोमशी जोडलेली नसतात. पोह्यात मीठ मिसळावं तशी नुसती मिसळलेली असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं थोडी थोडी बाहेर येत राहतात. काही वाफेच्या रूपाने निघतात आणि धुळीच्या कणांवर बसतात, काही घासून पडतात, आणि फोम झडायला लागला की भुग्याबरोबर थेटच येतात. बाहेर पडलेलं रसायन ऊन-पावसात हळूहळू मोडतं तरी. घरात ना ऊन ना पाऊस, तिथे ते कोपऱ्यात साचून राहतं.

आणि धूळ पोटात जाते ती हातावाटे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या 2011 च्या पुस्तिकेत एक ते सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला सुमारे 60 मिलिग्रॅम घरातली धूळ जाते असा अंदाज धरला आहे, मोठ्या माणसाचा 30. आठवड्याला चिमूटभर मीठ होईल एवढी ती धूळ. मुलाचं वजन आठ-दहा किलो आणि आपलं पन्नास-साठ, म्हणजे किलोमागे हिशोब केला तर फरक फार मोठा पडतो. अमेरिकन लोकांच्या अंगातल्या पीबीडीईचा मोठा वाटा अन्नातून नव्हे, धुळीतून येतो, असंच तिथल्या अभ्यासांतून दिसलं.

काळजी कशाची? थायरॉइडचं जे संप्रेरक आहे, थायरॉक्सिन, त्याच्याही रेणूत दोन कड्या आणि मध्ये ऑक्सिजन. फक्त ब्रोमिनच्या जागी चार आयोडिन. इतकं साम्य असल्यामुळे ही रसायनं थायरॉइडच्या कामात लुडबूड करतात, आणि गर्भात नि पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण त्याच संप्रेरकावर अवलंबून असते. न्यूयॉर्कमध्ये नाळेतलं रक्त तपासून मुलांचा पुढे काही वर्षं माग ठेवला. ज्यांच्या नाळेत पीबीडीई जास्त होतं, ती मुलं विकासाच्या चाचण्यांत सरासरीने थोडी मागे पडली. हे 2010 साली प्रसिद्ध झालं. सरासरी म्हणजे काय ते नीट ध्यानात घ्या. एकेका मुलाचं भविष्य त्यातून कळत नाही. तुमच्या लेकीला काही झालंय असा याचा अर्थ मुळीच नाही.

रक्ताचं म्हणाल तर आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, आणि आकडा हाती आला तरी शरीरातून हे काढून टाकणारं औषध नाही. यातली काही रसायनं चरबीत वर्ष-दोन वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतात, पण नवीन जाणं थांबलं की हळूहळू कमी होतात. तेव्हा तपासणीवर जीव टांगू नका, नवीन जाणं थांबवा.

सासूबाईंना एवढंच सांगा की मोठ्यांनी सोफ्यावर बसणं वेगळं आणि सोफ्याखाली बोटं घालून चाटणं वेगळं.

---

वाकळ | 3 जून, सकाळी 9:30

प्रयोगशाळेतली, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

माझी वेंगुर्ल्याची आजी झाडायच्या आधी ओंजळीने पाणी शिंपडायची. आम्ही पोरं नुसती केरसुणी घेऊन धावलो की ओरडायची, “पयला पाणी शिंपड, मगे केर काड!” आता घरोघर कोरडा झाडू आणि वर गरगर पंखा. केर काढून झाल्यावर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात बघा, सगळी धूळ परत वर उठलेली दिसते आणि दुपारपर्यंत पुन्हा फरशीवर येऊन बसते.

---

प्रयोगशाळेतली | 3 जून, सकाळी 10:10

@वाकळ, आजी अगदी बरोबर होत्या. कोरडा झाडू जड कण पुढे ढकलतो आणि बारीक कण हवेत उडवतो. ही रसायनं बारीक कणांवरच जास्त चिकटलेली असतात. ओल्या फडक्याने पुसणं सगळ्यात चांगलं. साधा व्हॅक्यूम क्लीनरही बारीक धूळ मागून बाहेर फेकतो, बारीक गाळणीचा असेल तरच उपयोग.

---

खाडीपलीकडे | 3 जून, दुपारी 1:20

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या गावच्या ग्रुपवर गेल्या वर्षीपासून फिरतंय की काळे प्लॅस्टिकचे डाव नि कालथे फेकून द्या, त्यात टीव्हीचं प्लॅस्टिक असतं आणि विष पोटात जातं. बायकोने सगळे फेकले. हे याच प्रकारातलं का?

---

प्रयोगशाळेतली | 3 जून, दुपारी 2:45

हो, त्यातलंच, आणि त्यात खरं-खोटं दोन्ही मिसळलंय.

खरं हे की जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरची काळी खोकी भरडून त्यातून नवीन काळं प्लॅस्टिक निघतं आणि त्याच्याबरोबर डेका-ऑक्टाही नव्या वस्तूत येतात. 2017 साली 26 देशांतून मुलांची काळ्या प्लॅस्टिकची खेळणी गोळा करून तपासली, त्यात भारतही होता. बहुतेक नमुन्यांत ही रसायनं निघाली. काळाच रंग का, तर मिसळलेल्या रंगीबेरंगी भंगाराला दुसरा रंग देताच येत नाही.

आता डावांचं. ज्या अभ्यासावरून ते फिरलं तो 2024 चा, अमेरिकेतला. त्यात एक साधा गुणाकार चुकला होता. सुरक्षित मर्यादा दिवसाला अंगाच्या वजनाच्या किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम, गुणिले 60 किलोचं माणूस, म्हणजे 4,20,000. त्यांनी लिहिलं 42,000. त्यामुळे डावातून जाणारं डेका मर्यादेच्या अगदी जवळ दिसलं. प्रत्यक्षात ते मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतं. नंतर त्यांनी दुरुस्ती छापली, पण ती कोणी फॉरवर्ड केली नाही. डाव फेकले ते ठीकच, गरम तेलात प्लॅस्टिक घालू नये हे तसंही खरं. पण जिथे रांगणारं बाळ आहे तिथे डावापेक्षा फरशीकडे आधी बघावं असं मला वाटतं.

---

आगीशी गाठ | 3 जून, रात्री 9:00

मी अग्निशमन दलात 28 वर्षं काढली. आता निवृत्त होऊन राजापूरला असतो. एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

आग ही काही खोटी भीती नाही. फोमच्या गादीवर विडी पडून गेलेली माणसं मी उचलली आहेत. फोम पेटला की दोन-चार मिनिटांत खोली काळ्या धुराने भरते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो. ज्वाला अंगापर्यंत पोचायच्या आतच माणूस धुराने जातो. म्हणून सुरुवातीला आग रोखणारी रसायनं आली तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं.

पण अनुभव आणि नंतरचं वाचन दोन्ही सांगतं की सोफ्यातल्या त्या थोड्याशा रसायनाने फारसं साधत नाही. चाचणी उघड्या फोमवर काडीच्या ज्योतीने करतात. घरात मात्र आधी कव्हरचं कापड पेटतं, आणि कापडाची ज्वाला फोमपर्यंत जाईतो इतकी मोठी झालेली असते की त्यापुढे रसायनाचं काही चालत नाही. उलट ज्वाला दबली तरी अर्धवट जळल्याने धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अमेरिकेतले व्हिटेनिस बाब्रॉस्कस हे आगीच्या शास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या 1988 च्या प्रयोगांचा हवाला देऊन उद्योगवाले वर्षानुवर्षं रसायनांची तरफदारी करत राहिले. शेवटी त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की माझे प्रयोग भरपूर मात्रा घातलेल्या मालावरचे होते, घरातल्या सोफ्याला ते लागू करू नका. कॅलिफोर्नियाने तो 117 चा नियमही 2013 साली बदलला. आता उघड्या ज्योतीऐवजी धुमसत्या विस्तवाची चाचणी असते आणि ती रसायनाशिवाय पार होते.

ताई, तुम्ही सोफा काढून कापसाची गादी आणाल. जरूर आणा. पण कापूस धुमसतो हे विसरू नका. वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत तासन् तास पेटत राहतो. गादीजवळ उदबत्ती, निरांजन, कासवछाप नको. वीज गेली की मेणबत्ती गादीवर बसून लावू नका. विडी ओढणारं घरात कोणी असेल तर अंगणात.

---

ओटीवरून | 3 जून, रात्री 10:30

काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते आणि कंदील ओटीवरच असतो. त्याची जागा उद्याच बदलते.

प्रयोगशाळेतली ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. मात्र संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी स्वतःहून बाळाचे हात साबणाने धुतले.

एक विचारायचं राहिलं. हे दुधातून जातं का? मी अजून अंगावर पाजते. कालपासून प्रत्येक वेळी पदराआड घेताना तेच मनात येतंय.

---

उपकेंद्र | 4 जून, सकाळी 6:50

मी परिचारिका आहे, दापोली भागात काम करते. रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले.

बाई, दूध थांबवू नका. कोणत्याही कारणाने थांबवू नका असं नाही म्हणत मी, पण या कारणाने नक्कीच नाही. ही रसायनं चरबीत राहतात म्हणून दुधात उतरतात हे खरं. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले तेव्हा 1972 ते 1997 या काळात त्यातलं पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं दिसलं. जगाचं लक्ष याकडे गेलं ते त्यामुळेच. पण ते सगळं कळून-सवरून जागतिक आरोग्य संघटना आजही तेच सांगते: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. दुधाने जे मिळतं ते दुसऱ्या कशाने मिळत नाही. डब्याची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजली आणि बाळ जुलाबाने आणलं, अशी मुलं मी दर पावसाळ्यात बघते.

स्वीडनमधलं ते प्रमाण वापर कमी झाल्यावर उतरलंसुद्धा. निश्चिंत मनाने पाजा.

---

ओटीवरून | 4 जून, सकाळी 7:20

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मनापासून आभार.

---

चिरेबंदी | 4 जून, सकाळी 11:00

मी चिपळूणचा. हा धागा वाचताना मला 22 जुलै 2021 नंतरचे दिवस आठवले. वाशिष्ठीचं पाणी उतरलं आणि बाजारपेठेत, गल्लीबोळांत, दोन्ही बाजूंना घराघरांतले सोफे, गाद्या, फ्रीज, टीव्ही यांचे माणसाहून उंच ढीग लागले. आमचा सोफा चौघांनी उचलला तरी हलेना, फोमने इतकं पाणी आणि गाळ पिऊन घेतला होता. कचरा उचलायला गाड्या कमी पडल्या. काही ठिकाणी लोकांनी कंटाळून ढीग पेटवून दिले. तो धूर तोंडात कडू लागायचा, घशात खवखव व्हायची. तेव्हा गाळ, साप आणि लेप्टोची भीती एवढी होती की धुराचा विचार कोणी केला नाही. त्यात काय काय जळलं असेल?

---

प्रयोगशाळेतली | 4 जून, दुपारी 3:30

ब्रोमिन असलेलं प्लॅस्टिक-फोम उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन-फ्युरान या जळताना तयार होणाऱ्या विषांची ब्रोमिनवाली भावंडं तयार होतात. मूळ रसायनापेक्षा ती कितीतरी घातक. वायरीवरच्या पीव्हीसीमधून क्लोरीनवाली होतात. त्या महापुरात माणसं जीव वाचवत होती, तेव्हा कोणाला बोल लावायचा प्रश्नच नाही. पण रोजच्या दिवसांत वाडीत तांब्यासाठी वायरी जाळतात ना, ते बघितलं की मला राहवत नाही. मुलंच जाळतात बहुतेक. भंगारवाला तांब्याचा भाव किलोवर देतो, वायर सोलायला वेळ लागतो, म्हणून पेटवायची. आणि दुसऱ्या दिवशी त्याच राखेत अनवाणी क्रिकेट.

---

दर्यावर्दी | 4 जून, रात्री 8:15

आम्ही मासेमारीवाले. धुळीचं समजलं, पण समुद्रात काय? सगळा कचरा शेवटी खाडीतून दर्यातच येतो. मासे खायचे का नाही?

---

प्रयोगशाळेतली | 4 जून, रात्री 9:40

खायचे, दादा. ही रसायनं माशाच्या चरबीत साठतात हे खरं, आणि मोठा मासा लहान माशांना खातो म्हणून वर वर जाताना वाढत जातात. मोरी, मोठी सुरमई यांच्यापेक्षा तारली, मांदेली, बांगडा यांच्यात साठायला वाव कमी. लहान मासे आपल्या ताटात जास्त असतात, हे बरंच आहे. माशातली ओमेगा-3 ही चांगली चरबी आणि प्रथिनं सोडून देण्याइतकं मोठं कारण मला यात दिसत नाही.

तुमच्या प्रश्नावरून एक अभ्यास आठवला, तो सांगते. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात शेतमजुरी करणारी मेक्सिकन कुटुंबं आहेत. बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी त्यांची सात वर्षांची मुलं तपासली आणि शेजारी मेक्सिकोत, ज्या भागातून ही कुटुंबं आली तिथली पाच वर्षांची मुलं तपासली. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या अंगात पीबीडीई सात पट निघालं. आयांच्या गरोदरपणात जेवढं होतं त्याच्याही तिप्पट. वंश तोच, बरंचसं जेवणखाण तेच. फरक होता घराचा, घरातल्या सामानाचा. 2011 चा अभ्यास आहे. आपल्याकडे मुंबईची खोली आणि गावचं घर यांत वाढलेली सख्खी चुलत भावंडं मनात आणा, म्हणजे त्यातलं मर्म कळेल.

---

माडबन | 5 जून, सकाळी 8:00

आमच्या मनीचं काय? ती दिवसभर सोफ्यावर लोळते आणि अंग चाटते.

---

प्रयोगशाळेतली | 5 जून, सकाळी 8:25

मांजरांचा खरंच अभ्यास झालाय. 2007 साली अमेरिकेत काही घरातली मांजरं तपासली, त्यांच्या रक्तात तिथल्या माणसांच्या 20 ते 100 पट पीबीडीई निघालं. कारण तुम्हीच लिहिलंत, अंगावर बसलेली धूळ चाटतात. रांगणारं मूल आणि मांजर एकाच उंचीवर राहतात आणि दोघांचा हात तोंडाशी जातो. मनीला गोणपाटावर झोपवा.

---

चिरेबंदी | 5 जून, दुपारी 12:10

कायद्याचं काही आहे की नाही आपल्याकडे? की सगळा जुना माल आमच्याच माळ्यावर येऊन पडायचा?

---

प्रयोगशाळेतली | 5 जून, रात्री 10:00

आहे. वर्षानुवर्षं न मोडणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणारा स्टॉकहोम करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 2004 पासून लागू. पेंटा आणि ऑक्टा त्यात 2009 साली आले, डेका 2017 साली. भारताने करार 2006 साली स्वीकारला. मार्च 2018 मध्ये आपल्या सरकारने नियम काढून पेंटा-ऑक्टातल्या घटकांसह सात रसायनांवर बंदी घातली. ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे 1 मे 2014 पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीई वजनाच्या 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाही. म्हणजे माळ्यावरचा जाड पाठीचा जुना टीव्ही त्या आधीचा. त्याचं खोकं फोडू नका, मुलांना खेळायला देऊ नका.

कायदा नव्या मालाला अडवतो. घरात आलेला जुना माल वीस-तीस वर्षं तिथेच असतो. आणि पेंटा गेल्यावर त्याच्या जागी क्लोरीन-फॉस्फरसवाली दुसरी रसायनं आली, त्यांतली काही आता धुळीत पीबीडीईपेक्षा जास्त सापडतात. यांच्याच नात्यातलं, ब्रोमिनवालं ‘ट्रिस’ मुलांच्या झोपायच्या कपड्यांत घालायचे. आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी 1977 साली त्यातला धोका दाखवला आणि अमेरिकेत ते कपडे बंद झाले. मग त्याचंच क्लोरीनवालं भावंड सोफ्यात आलं. या गोष्टीचा मला राग येतो. एक रसायन धोक्याचं ठरायला वीस-तीस वर्षं लागतात, तोवर पुढचं घरात आलेलं असतं, आणि त्याची परीक्षा आपल्या मुलांच्या अंगावर होते.

दिलासा देणारंही सांगते. न्यूयॉर्कमध्ये काही आयांना घेऊन एक छोटा प्रयोग केला. काहींनी आठवडाभर हात जास्त वेळा धुतले, काहींनी घर ओल्या फडक्याने जास्त पुसलं. एका आठवड्यातच त्यांच्या लघवीतलं या नव्या रसायनांचं प्रमाण चांगलं उतरलं. ती अंगातून लवकर निघून जातात, त्यामुळे हात धुतल्याचा गुण लगेच दिसतो. जेवणाआधी साबणाने हात, बाळाचे आणि भरवणाऱ्याचेही. आपल्याकडे ही रीत होतीच.

सोफ्याचं मी असं करीन. बाळ शेजारी पाठवायचं. तोंडाला ओला रुमाल. भुगा झाडायचा नाही, ओल्या कागदाने टिपून पिशवीत घट्ट बांधायचा. फोम ओढून काढायचा नाही, अख्खा सोफा प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून बाहेर. फरशी दोनदा पुसायची आणि पुसलेलं पाणी विहिरीच्या बाजूला किंवा परसातल्या अळवावर टाकायचं नाही. जाळायचा नाही, खाडीत ढकलायचा नाही, आणि “चांगला आहे, घेऊन जा” म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरी द्यायचा नाही.

---

वाकळ | 6 जून, सकाळी 9:15

शेवटचं वाक्य वाचून थांबले. आमच्याकडे जुनं सामान कामाच्या बाईला द्यायची पद्धत आहे आणि आपण चांगलं केलं असं वाटतं. मागच्याच वर्षी मी तिला झडकी फोमची गादी दिली. तिला दोन लहान मुलं आहेत. आज जाऊन गादी परत आणते आणि बदल्यात काथ्याची नवी घेऊन देते.

---

ओटीवरून | 21 सप्टेंबर, दुपारी 4:00

मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय. गणपतीचं सगळं आटोपलं.

सोफा जूनमध्येच हलवला. सांगितलं तसंच केलं. ह्यांनी आणि शेजारच्या दोघांनी तो ताडपत्रीत बांधून गोठ्यामागच्या रिकाम्या खोपीत ठेवलाय, खाली चिरे लावून, ओल लागू नये म्हणून. ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन आले. ई-कचऱ्याची गाडी येते, टीव्ही तिच्यात देता येईल, पण फोम ते घेत नाहीत. आता जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदूषण मंडळाच्या कचेरीला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथं लिहीन. दिरांनी फोनवर आधी चेष्टा केली, मग त्यांच्याच डोंबिवलीच्या नव्या घरातल्या गाद्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, हे बघ ठीक आहे का.

ओटीवर आता लाकडी बाकडं आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचं, माळ्यावर पडलेलं. त्यावर काथ्याची गादी घातली, कव्हर सासूबाईंनी जुन्या नऊवारीचं शिवलं. कंदील खिडकीच्या बाहेरच्या खुंटीला गेला.

लेक आता बाकड्याला धरून उभी राहते. सासूबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने तिथली फरशी पुसतात, मला हात लावू देत नाहीत. गणपतीत मुंबईची मंडळी आली तेव्हा प्रत्येक पोराला मागच्या दारी पाठवत होत्या, “आधी हात धुवा, मग मोदक.” नणंदेच्या मुलाने विचारलं, आजी, आम्ही कुठे मातीत खेळलो? तर त्याला म्हणाल्या, “माती परवडली रे बाबा,” आणि त्याचे हात स्वतः साबण लावून चोळून चोळून धुतले.

चिरेबंदी दादा, चिपळूणला फोम घेणारं कोणी सापडलं असेल तर कळवा.